वरची कडी

“डबा खाता खाता झोपली, बोला!” शाळेतल्या बाई म्हणाल्या. “घास हातात तसाच. घरी झोपते की नाही ही?”

टिकलीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती लहान मुलांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर होती. दुसऱ्यांच्या आयांना दिवसभर तीच तर सांगायची की रोज एकाच वेळी झोपवा, मोबाइल लांब ठेवा, दिवा मंद करा. आणि हिची स्वतःची सहा वर्षांची पोरगी वर्गात पेंगत होती.

“खेळतानाही तेच,” बाई हसत म्हणाल्या. “बाहुलीला थोपटते नि म्हणते, आज छापखान्याला सुट्टी आहे, गाडी यायची नाही, झोपा बघू आता.”

छापखाना म्हटल्यावर आईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा अण्णांचा उद्योग!

अण्णा म्हणजे तिचे सासरे. वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्यांनी जन्मभर रात्रपाळी केली होती. रात्री गाडी न्यायला यायची, त्या गाडीच्या गोष्टी घरात सगळ्यांना पाठ होत्या. सासूबाई गेल्यापासून टिकली त्यांच्याच खोलीत झोपायची. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर, आणि आई दमून एकदा आडवी झाली की कानाशी ढोल वाजवला तरी उठायची नाही. त्या खोलीत रात्री काय चालतं, हे बघायला जातंय कोण?

आता मात्र ती बघायला लागली.

सकाळी अण्णांच्या अंथरुणात बिस्किटांचा चुरा. बिस्किटांचा डबा फ्रिजवर, फ्रिज बाहेरच्या दाराशेजारी, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल नेमकं तिथेच येऊन उभं. म्हणजे रात्री मेजवान्या झडतात तर! टिकलीच्या खेळण्यांचं खोकं उपसलं, तर तळाशी अण्णांच्या चपला. लपालपीसुद्धा! आणि बाहेरच्या दाराला आतून वरची कडी लावलेली. ती लावू नका म्हणून तिनं कितीदा बजावलं होतं. नवरा अवेळी परतायचा, त्याच्याजवळच्या किल्लीनं कुलूप उघडायचं, कडी थोडीच उघडते?

“अण्णा, वरची कडी का लावता हो?”

“मी? अगं, खांदा धरलाय माझा. हात तरी जातो का तिथवर?”

“मग आपोआप लागते वाटतं. आणि चपला?”

“त्याच तर शोधतोय सकाळपासून,” अण्णा म्हणाले.

काय तो साळसूद चेहरा! तिला हसावं की रडावं कळेना. तिनं मोर्चा लेकीकडे वळवला.

“रात्री काय करता गं तुम्ही दोघं?”

“झोपतो.”

“अण्णा छापखान्याच्या गोष्टी सांगत बसतात ना?”

टिकलीनं अण्णांकडे पाहिलं. “नाही.”

“खोटं बोलू नकोस हं टिकले.”

टिकली अण्णांना जाऊन चिकटली. आजोबा-नात सामील आहेत, यात आता शंकाच उरली नाही. मागे अण्णांनी नळ रात्रभर वाहता ठेवला, तेव्हाच ती फोनवर नवऱ्याला म्हणाली होती की आणखी काही झालं तर यांना तुझ्या भावाकडे पोचवून ये. तेव्हा टिकली शेजारीच चित्र रंगवत होती.

“हे असंच चालणार असेल ना,” आई म्हणाली, “तर मी अण्णांना खरंच काकांकडे पाठवून देईन.”

टिकलीचा चेहरा पांढरा पडला आणि मग ती हमसून हमसून रडायलाच लागली. “नको ना पाठवू! मी झोपेन, आई. शहाण्यासारखी झोपेन.”

आईनं तिचे डोळे पुसले. पण लाड पुरे झाले. त्याच संध्याकाळी तिनं टिकलीची उशी स्वतःच्या खोलीत आणली. बिस्किटांचा डबा कपाटात कुलपात गेला, स्टूल स्वयंपाकघरात गेलं. अण्णांच्या चपला पुसून दाराशी नीट मांडल्या.

“मी त्रास देतो का गं तिला?” अण्णांनी विचारलं.

“त्रास नाही हो. सवयी बिघडतात.”

ते मान हलवून खोलीत गेले. आईला जरा वाईट वाटलं, पण तिनं मन घट्ट केलं. दिवा मंद केला, टिकलीला कुशीत घेतलं.

“आई, स्टूल तिथेच राहू दे ना.”

“दारात स्टूल ठेवतात का वेडाबाई? मीट डोळे.”

“बाबा येणारेत?”

“पहाटे येतील, नाहीतर उद्या. म्हणून कडी लावायची नाही.”

“मग मी एकदाच अण्णांना बघून येते.”

“नाही म्हटलं ना!” आईनं तिच्यावर हात टाकला.

टिकली बराच वेळ चुळबुळत राहिली. डोळे मिटायचे, ती पुन्हा ताणून उघडायची. पण कुशीतल्या उबेपुढे तिचं काय चालणार? शेवटी लागलीच झोप.

उजाडलं तरी ती गाढ झोपलेली होती. रात्रभरात एकदासुद्धा उठली नव्हती. आईनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि चहा टाकला.

“पाहिलंत अण्णा? आहे की नाही गाढ?” तिनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

उत्तर आलं नाही. रुसले असतील. ती चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. अंथरूण रिकामं. न्हाणीघरात कुणी नव्हतं. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

नवरा आला वाटतं, तिला वाटलं. तिनं हाक मारली. मग खाली पाहिलं. त्याचे बूट नव्हते. आणि काल पुसून मांडलेल्या चपलाही नव्हत्या.

मागून टिकली डोळे चोळत आली. तिनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं, वरच्या कडीकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई,” तिनं विचारलं, “काल अण्णांना थोपटून झोपवलं कुणी?”