स्पीकरखालच्या ताटल्या

“अरे, पण पांढऱ्या फडक्यात कशाला बांधल्यास?” मुकुकाने चौथ्यांदा विचारलं.

“धूळ बसू नये म्हणून.” कातोंगो ओट्यावर बसून वायरीला डाग देत होता. त्याने मान वर केली नाही.

“आणि आत पैसे?”

“पैसे कसले, ताई! चलनातून गेलेली तांब्याची नाणी. नुसत्या वाळूने वजन येईना. वजन नसलं की स्पीकर थरथरतो, आणि ढोल उगाच घुमतो.”

“ढोल आता तुझ्याच दारात घुमणार आहे, मेल्या!”

मुकुकाने कपाळाला हात लावला. लुआन्शा गावात कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, सांगेल. एका ताटलीवर दुसरी पालथी, आत चार नाणी, वर पांढरं फडकं, ही लग्नाची मागणी असते. नकार असला तर ताटल्या न उघडता परत येतात. ठेवून घेतल्या की होकार. आणि ह्या शहाण्याने एनॅमलच्या दोन ताटल्यांचं तसलं बोचकं कासोंडेबाईंच्या घरी धाडलं होतं. तेही साम्पाच्या हातून! साम्पा म्हणजे निम्म्या वस्तीची लग्नं जमवलेला म्हातारा.

“दुसरं कुणी मिळालं नाही का रे तुला?”

“तो त्याच गल्लीत चालला होता.”

चार दिवस झाले, ताटल्या परत आल्या नव्हत्या. काल संध्याकाळी मात्र कासोंडेबाईंच्या मामांचा निरोप आला. रविवारी दुपारी या, थोरल्या बहिणीला घेऊन या. म्हणून तर मुकुका न्डोलाहून पहिल्या बसने धावत आली होती.

कातोंगो खाणीत इलेक्ट्रिशियन होता. आधी बायको गेली, मग नोकरी संपली, आणि तेव्हापासून त्याने हा नाद धरला होता. जळक्या मोटारीच्या तारेतून स्पीकरखाली ठेवायच्या स्प्रिंगा वळायच्या. वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांना बुचांचे पाय लावायचे. खोलीच्या कोपऱ्यात सुका भोपळा टांगायचा, का तर म्हणे आवाज कोपऱ्यात साचतो. शेजारी यायचे, मक्याचं आंबटगोड मुन्कोयो प्यायचे, गाणं ऐकायचे आणि म्हणायचे, “छान आहे, पण कालही असंच होतं की.”

फरक कळायचा तो फक्त कासोंडेबाईंना. निवृत्त शिक्षिका, विधवा. नवऱ्याने हौसेने घेतलेला मोठा स्टिरिओ त्यांच्याकडे होता. एकट्या बाईने एकट्या पुरुषाच्या घरी गाणी ऐकायला जायचं म्हणजे वस्तीच्या तोंडाला आयतं खाद्य. तेव्हा कातोंगो वस्तू पाठवायचा आणि बाईंची चिठ्ठी यायची. मागच्याच महिन्यात आली होती, ‘तुमच्या स्प्रिंगांमुळे गायकाच्या मागे उभा असलेला गिटारवाला आज पहिल्यांदा ऐकू आला.’ ती चिठ्ठी कातोंगोने मुकुकाला फोनवर तीनदा वाचून दाखवली होती.

“आता ऐक,” मुकुका म्हणाली. “खरं सांगितलं तर त्या बाईचं वस्तीत हसं होईल. ती पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. जगात तुझं ऐकणारं एक माणूस होतं, तेही जाईल. पण खोट्यावर कुणाचं लग्न लावायचं नसतं. मी बोलेन, तू तोंड उघडू नकोस.”

“बरं,” कातोंगो म्हणाला आणि शर्टाला इस्त्री करायला आत गेला.

रविवारी मामांनी दोघांना मानाने बसवलं. ऐंशीचे मामा खुर्चीत, कासोंडेबाई खाली चटईवर. कमरेला कोरं करकरीत चितेंगे गुंडाळलेलं, मान खाली. मुन्कोयो आलं, भाजलेले शेंगदाणे आले. त्या कोऱ्या कापडावरून मुकुकाने नजर काढून घेतली. पण बोलायचं ते तिने बोलून टाकलं.

“मामा, आमचं चुकलं. पदरात घ्या. ती मागणी नव्हती. माझ्या भावाने ते बाईंच्या स्पीकरखाली ठेवायला बनवलं होतं. त्याला असली खुळं आहेत.”

कासोंडेबाईंची मान आणखी खाली गेली.

“स्पीकर?” मामांनी विचारलं. “कुठला स्पीकर?”

“बाईंचा. स्टिरिओचा.”

“पोरी, गेल्या पावसाळ्यात ह्या घराचं छप्पर उडालं. पत्रे आणायला तिने स्टिरिओ विकला, स्पीकरसकट. वर्ष होईल आता.”

मुकुकाने खोलीभर नजर फिरवली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर. बस्स.

“अगं बाई! मग मागच्या महिन्यातला तो गिटारवाला?”

कासोंडेबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“खरं सांगितलं असतं तर वस्तू यायच्या थांबल्या असत्या,” त्या हातांमागून म्हणाल्या. “मला त्या यायला हव्या होत्या. त्यांची वाट बघण्यात आठवडा बरा जायचा.”

मुकुकाला भावाची इतकी कणव आली की तिला त्याच्याकडे बघवेना. एवढा जीव टाकून बनवायचा, आणि ऐकणारं एकुलतं एक माणूस तेही असं! तिने हळूच मान वळवली.

कातोंगो शेंगदाणे खात होता आणि गालातल्या गालात हसत होता.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “किटवेहून जो माणूस स्टिरिओ घ्यायला आला होता ना, त्याला मीच पाठवला होता. पावसात तुम्ही उघड्यावर, आणि माझ्याकडून सरळ मदत तुम्ही घेतली नसती. वर्षभर माझ्याकडे झाकून ठेवलाय. तुमच्याशिवाय लावावासा वाटला नाही.”

मग तो मामांकडे वळला.

“मामा, तुम्हीच सांगा. स्पीकर माझ्या घरी असताना ताटल्या मी इकडे कशाला पाठवीन?”