मागाहून येणारा सूर

चारही ट्रंपेट एकदम थांबले, आणि ते थांबल्यावर मागून एक सूर आला. गुरुप्रसादच्या कपाळाची शीर उठली.

"कोण तो?" तो ओरडला. "माझो हात खाली इलो की थांबूचां. मगे कोण थांबणा नाय?"

मंगल कार्यालय नवंकोरं होतं. उंच छप्पर, गुळगुळीत फरशी, आणि खुर्च्या अजून बाहेर टेम्पोत. तोंडवलीच्या या बँडने जन्मभर रस्त्यावर वाजवलेलं. वरातीपुढे, पालखीपुढे, गणपती समुद्रावर नेताना. तिथे वाजवला सूर की गेला वाऱ्यावर, परत कोण येतो! पण आजच्या नवरीला 'एन्ट्री' हवी होती. ढोल नको, ताशा नको, नुसते ट्रंपेट, आणि तेही चार भिंतींच्या आत. म्हणून मास्तर गुरुप्रसाद आपली माणसं घेऊन सकाळीच सरावाला आला होता.

तो आपला ट्रंपेट घेऊन स्टेजकडे पाठ करून उभा होता. समोर यतीन आणि सर्वेश. त्यांच्या मागे एकटे रामचंद्रकाका, त्याचे सख्खे चुलते.

"परत!"

पुन्हा तीच ओळ झाली. हात खाली आला, आणि पुन्हा तो सूर, काकांच्याच बाजूने. सर्वेश नाकातल्या नाकात हसला. काकांना गेल्या गणपतीपासून एका कानाने कमी ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तोंडावर कोणी काढत नव्हतं.

गुरुप्रसादने काढलं. नवरीची मावशी प्रेमलता स्टेजवर झेंडूच्या माळा लावत उभी होती, तिच्यादेखत.

"काका, ऐकाक येणा नाय तर आधी सांगूचां होतां! हो काय शिमगो नाय, कोण कधीय थांबाक. बाहेर जावन बसा."

मावशीने मान वळवली आणि उगाच एक माळ सोडून पुन्हा बांधली. काकांनी ट्रंपेट उलटा करून आतलं पाणी काढलं, तो काखेत धरला, आणि त्या लांबलचक मोकळ्या फरशीवरून अनवाणी चालत दाराकडे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत सगळे खाली बघत राहिले.

"चला, आता नीट."

तिघांनी ओळ वाजवली. हात खाली आला. तिघे थांबले.

आणि सूर आला. मागून, जिथे आता कोणीच उभं नव्हतं.

गुरुप्रसादने ट्रंपेट ओठांना लावला आणि एकट्यानेच एक सूर मारून सोडला. पलीकडच्या भिंतीने तो जसाच्या तसा परत पाठवला. टोकाला जरासा फाटलेलासुद्धा, जसा त्याचा नेहमी फाटतो आणि काका त्याला नेहमी ओरडतात.

"आवाज घुमता रे हय," यतीन हळूच म्हणाला. "रिकामा आसा ना सगळां."

गुरुप्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रंपेट फुंकायचा कसा हे ज्या माणसाने समोर बसवून शिकवलं, त्याला आपण चार माणसांत बहिरा ठरवला आणि बाहेर काढला! तोंड कुठे लपवू असं झालं त्याला.

तेव्हाच धावत जायला हवं होतं. पण गेला असता तर तो गुरुप्रसाद कसला! मास्तर ना तो! आधी यतीनबरोबर चहा पाठवला. मग टेम्पोवाल्याला खुर्च्या कशा लावायच्या ते सांगत बसला, जसं काही त्याच्यावाचून खुर्च्या अडल्या होत्या. काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, हे जुळवता जुळवता दारात पाहुण्यांच्या गाड्या लागून लग्नाची वेळ झाली.

शेवटी गेला तेव्हा काका कार्यालयामागच्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते. ट्रंपेट टॉवेलात गुंडाळून झाला होता. चहाचा कप शेजारी तसाच भरलेला.

"काका, चूक माझी. तो सूर तुमचो नव्हतो. भिंतीचो होतो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "असू दे रे बाबू. मी पण आयकलंय तो. माझोच तो, मागाहून येय होतो."

"भिंत ती! आवाज घुमता थय!"

"माझ्यासाठी खोटां बोलू नको."

"देवाशपथ, काका! चला, दाखवतंय तुमका."

त्याने हाताला धरून त्यांना आत आणलं आणि चपापला. दारापासून स्टेजपर्यंत जाड गालिचा पसरला होता. भिंतींवरून पडदे सोडले होते. एक खुर्ची रिकामी नव्हती. पैठण्या, कोट, मांडीवर पोरं. तरी त्याने यतीनला आणि सर्वेशला खूण केली. तिघांनी तीच ओळ वाजवली. हात खाली आला.

ओळ संपली. मागून काहीच आलं नाही.

"परत!" तो जीव तोडून म्हणाला. पुढच्या रांगेतले पाहुणे वळून बघू लागले. पुन्हा वाजवलं, आणखी जोरात, गालांच्या शिरा ताणून. पुन्हा सूर जिथे तोडला तिथेच तुटला. गुरुप्रसाद कान देऊन उभा राहिला. त्याच्या आयुष्यात त्याने कधी एवढी वाट बघितली नव्हती आपलं वाजवणं बिघडण्याची.

काका चांगला कान त्या बाजूला करून सगळं नीट ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बघ, आता कसां साफ वाजतां," ते म्हणाले. "माका काढलंस, ता बरां केलंस."