बंद ठेवावी

"दोराच्या तीन तारा तुटल्यात," तपासनीस म्हणाला. "लिफ्ट बंद ठेवावी लागेल."

प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापकाने हात जोडले. "साहेब, सहा मजले आहेत. बायकांनी जिन्याने चढायचं का? टिकेल की अजून वर्षभर."

"दोराने तसं लिहून दिलंय का तुम्हाला?"

व्यवस्थापकाने साहेबांसाठी आणलेला चहाचा कप उचलून परत नेला.

शहरभर तपासनिसाला 'बंदसाहेब' म्हणत. लोक त्याला बघून रस्ता बदलत. समोरच्या इमारतीची लिफ्ट बंद केल्यापासून तिथल्या शेजाऱ्याने बोलणं टाकलं होतं. तपासनिसाला हे लागायचं, चांगलंच लागायचं. तो काही दगड नव्हता.

अशा वेळी तो बाबांजवळ जाऊन बसे. बाबांनी हीच नोकरी पस्तीस वर्षं केली होती. त्यांनी म्हणे एकही चुकीची लिफ्ट पास केली नाही, आणि तरीही त्यांच्या निरोपाच्या दिवशी हॉल अपुरा पडला होता.

"सगळ्यांना खूश करत बसलास तर संपलास," बाबा म्हणायचे. "वर बसलेल्याला पटलं की बास. लोक काय, आज रुसतात, उद्या हसतात."

त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे अहवालाची स्वच्छ प्रत बाबाच काढत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. तो डोळे मिटून मनात 'देवा, तुला पटतंय ना?' एवढं विचारी आणि सही करी. सकाळी फिरायला जाताना बाबा ती पाकिटं ज्याची त्याला पोचवत.

"तेवढेच पाय मोकळे होतात," ते म्हणत.

त्या संध्याकाळी प्रसूतिगृहाच्या अहवालावरही त्याने तशीच सही केली. लिफ्ट बंद ठेवावी.

मग हळूहळू काहीतरी बदललं. शेजारी परत बोलायला लागला. एका सोसायटीचे अध्यक्ष भर रस्त्यात थांबून हसले. प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापकाने तर फोन करून प्रकृती विचारली.

"बघ," तो बायकोला म्हणाला. तिला नववा महिना लागला होता. "देव सगळं बघत असतो."

"बघतो खरं," ती म्हणाली. "पण एवढ्या लवकर?"

तो हसला. त्या दिवसांत तो खरोखर सुखी होता.

पंधरा दिवसांनी, तो कामावर असताना बाबांचा फोन आला. "कळा सुरू झाल्यात. मी सूनबाईला घेऊन निघालोय. तू थेट तिकडेच ये."

तो पोचला तेव्हा प्रसूतिगृहाची लिफ्ट चालू होती. दोन बायका, एक म्हातारा आणि एक परिचारिका आत शिरली, दार लागलं आणि लिफ्ट वर गेली. दोर बदलला तर! त्याला बरं वाटलं. मग दाराशेजारी लावलेल्या कागदावर त्याची नजर गेली.

'लिफ्ट तपासली. दोर उत्तम. वापरास योग्य.' खाली त्याची सही होती. तारीख होती त्याच दिवशीची, ज्या दिवशी त्या तीन तारा त्याच्या हाताला टोचल्या होत्या. आणि अक्षर मोत्यासारखं होतं.

त्याने कागद जवळून पाहिला. सहीसुद्धा हुबेहूब जमली होती. ज्या माणसाच्या शब्दावर त्याने सगळ्या जगाचं वाईटपण घेतलं होतं, त्याचंच हे अक्षर होतं. तरी मन ऐकेना. बाबांनाही कुणीतरी फसवलं असेल. दोर चांगला आहे असं कुणीतरी त्यांच्या गळी उतरवलं असेल. बाबांना खरंच तसं वाटलं असेल.

लिफ्ट खाली येऊन रिकामी होताच त्याने खटका ओढून ती बंद केली आणि तो जिन्याने वर धावला.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बायको कठड्याला धरून उभी होती, घामाने निथळत. बाबांनी तिचा दंड घट्ट धरला होता.

"लिफ्टचं नावसुद्धा काढू नकोस, पोरी," ते म्हणत होते. "चढ हळूहळू."