उंबू रेतांगचा दिवा

गावाची सौरवीज सांभाळणाऱ्या डोमूने कोणालाही न विचारता उंबू रेतांगच्या घराच्या विजेचा खटका खाली ओढला.

दुसरा इलाजच नव्हता. सुंबा बेटावरच्या त्या टेकडीला आठवडाभर ऊन दिसलं नव्हतं. सौर पाट्या नुसत्या भिजत पडल्या होत्या आणि बॅटऱ्या तळाला टेकल्या होत्या. संध्याकाळपर्यंत डोमूने एकेक करून सगळं गाव अंधारात घातलं. उरली दोन ठिकाणं. एक दवाखाना, जिथे त्याची बायको कोंगा सकाळपासून अडली होती. मूल पायाळू होतं. दुसरं उंबूचं घर.

उंबू जाऊन दोन वर्षं झाली होती. पण तिथल्या रीतीने पुरायचं म्हणजे रेडे कापायला हवेत, आणि रेडे काही जमत नव्हते. तोवर म्हातारा घरातच. कापडांच्या थरांत गुंडाळलेला, गुडघे छातीशी घेऊन कोपऱ्यात बसलेला. त्याला रोज कॉफी मिळे, पानसुपारी मिळे. डोक्यावर त्याचा पिवळा दिवा. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात सगळी माणसं मेल्यासारखी दिसतात म्हणून जिवंतपणी हट्टाने आणवलेला, गावात एकुलता एक.

अशा माणसाची वस्तू त्याला विचारल्याशिवाय काढत नाहीत. डोमूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण म्हातारा काही नाही म्हणणार नाही, हे त्याला त्या वेळी सोयीचं वाटलं.

टोचणी मात्र लागलीच. निदान माफी तरी मागावी म्हणून तो सुपारी घेऊन उंबूच्या घरी गेला, आणि दारातच थांबला. पिवळा दिवा लख्ख जळत होता.

"असा काय घामाघूम झालायस?" उंबूच्या म्हाताऱ्या बायकोने विचारलं.

"आजी, मी तुमची वीज तोडलीय."

"मला काय सांगतोस? दिवा यांचा आहे. यांना विचार."

डोमू कोपऱ्यापुढे उकिडवा बसला. सुपारी ठेवली.

"उंबू, चुकलो. आधी विचारायला हवं होतं. माझी कोंगा अडलीय. तेवढा उजेड तिला द्या."

कापडाची एक घडी हलली. वारा असेल. मग दिवा हळूहळू मंदावत गेला आणि विझला. अंधारात म्हातारी अगदी सहज म्हणाली, "निघाले बघ. तूही पळ आता."

डोमू धावत बॅटऱ्यांच्या खोलीत आला. गावाला वीज पुरवणारं यंत्र बंद पडलं होतं. बॅटऱ्या पार रिकाम्या झाल्या होत्या, आणि दवाखान्याची वीजही गेली होती. त्याला भडभडून आलं. कोंगा तिकडे अंधारात आहे, एवढंच डोक्यात घेऊन तो चिखल तुडवत पळत सुटला. वाटेतच बाळाचं रडणं कानावर आलं.

दारात नर्सबाई योहाना हात पुसत उभी होती.

"मुलगी झाली. दोघी धड आहेत. ऐन वेळी उजेड गेला तेव्हा तुला लाख शिव्या घातल्या मी. लगेच आला म्हणून वाचलास."

डोमूने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. कोंगाच्या उशाची ट्यूब विझलेलीच होती, आणि सगळी खोली पिवळी झाली होती.