पडद्याची पाळी

"अकरा नंबर, कूस!" सिस्टर म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी चादर ओढली.

अकरा नंबर म्हणजे चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेले एक म्हातारे शिंपी. वॉर्डात वीस खाटा. भेटीची वेळ असल्यामुळे समोरच्या रोग्याची अख्खी मंडळी केळी खात इकडेच बघत होती. शिंप्यांनी डोळे मिटून घेतले. आपण बघितलं नाही की लोकांनाही दिसत नाही, अशी त्यांनी अलीकडे स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"सिस्टर, तो पडदा लावा ना," त्यांची मुलगी म्हणाली.

"मोकळा नाही."

पडदा वॉर्डात एकच होता. हिरवा, चाकांचा. तो सहा नंबरच्या खाटेभोवती लावलेला होता आणि आतून मावशींचा आवाज येत होता. मावशी म्हणजे वॉर्डातल्या जुन्या कामवाल्या बाई.

"साहेब, हात उचलते हं. पाणी कोमट आहे. आता मान वळवते, सावकाश."

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर शिंपी म्हणाले, "सहा नंबरचा वशिला दांडगा दिसतोय."

"मी पण बोलते कुणाशी तरी."

"बोल बाई. जन्मात कधी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय टेप लावली नाही मी. लहान पोरालासुद्धा 'हात वर करता का' म्हणायचो. आणि इथे मला पोत्यासारखं उलटं करतात. मरायचं ते मरूच, पण त्याआधी एकदा तरी असं पुसून काढा म्हणावं."

मरायचं ठरलेलंच होतं. डॉक्टर रोज दुपारी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून तिथे टांगलेला कागद वाचत आणि पुढे जात. दहा दिवसांत त्यांनी शिंप्यांना हात लावला नव्हता. फार तर आठवडा, असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं, तेही कागदाकडे बघूनच.

मुलगी सिस्टरांच्या टेबलाशी गेली.

"ताई, तो पडदा फक्त मयतांसाठी," सिस्टर म्हणाल्या. "सहा नंबर दुपारी संपला."

"आणि जिवंत माणसांना?"

"वीस खाटा, दोन सिस्टर. प्रत्येकाला साहेब-साहेब करत बसलो तर सलाइन कोण लावणार?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मुलीने परत येऊन हे वडिलांना सांगितलं. त्यांना राग आला नाही. "म्हणजे वशिला आहेच की," ते म्हणाले. "थेट वरपर्यंत."

तेवढ्यात मावशी पडदा ढकलत बाहेर आल्या. चाकं कुरकुरत होती. शिंप्यांची नजर त्यांच्या बाहीवर गेली.

"मावशी, काखेत उसवलंय. उद्या सुईदोरा आणा, दोन टाके घालून देतो."

"राहू द्या हो बाबा. मला इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

मावशी पडदा ढकलायच्या थांबल्या. मग बाही चाचपत निघून गेल्या.

पुढचे तीन दिवस शिंपी खालावत गेले. अन्न सुटलं, बोलणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी निघताना मुलीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, तर डोळे न उघडता म्हणाले, "उद्या ये. खाडा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती चारला वॉर्डात शिरली, तेव्हा तिला बघून सिस्टर खुर्चीवरून उठल्या. एरवी त्या कुणासाठी उठत नसत.

"तुमचे वडील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. अकरा नंबर म्हणाल्या नाहीत. "शांतपणे गेले. मावशींनी येऊन सांगितलं. डॉक्टरांची सहीही झालीय."

अकरा नंबरच्या खाटेभोवती हिरवा पडदा होता. समोरच्या मंडळींनी केळी खाली ठेवली होती आणि सगळे भिंतीकडे तोंड करून बसले होते. आतून आवाज येत होता. "साहेब, हात उचलते हं. पाणी कोमट आहे."

मुलीने ते ऐकलं. जिवंतपणी एवढंच मागितलं होतं माणसाने. तिला हुंदका आवरेना. पडद्याची कड सारून ती आत गेली.

वडील उताणे निजले होते. अंगावर धुतलेली चादर, केसांना भांग, डोळे मिटलेले. मावशी परातीत फडकं पिळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांची बाही शिवलेली होती. बारीक, एकसारखे टाके. तिच्या शाळेतल्या फ्रॉकला असायचे तेच. ते बघून मुलगी ओक्साबोक्शी रडू लागली आणि तिने वडिलांचा हात हातात घेतला.

हात गरम होता. ती दचकून गप्प झाली.

"थांबू नकोस, रड," ओठ न हलवता शिंपी पुटपुटले. "पाठ राहिलीय अजून."