रोज नवा पासवर्ड

तमिळ मुलखातल्या अण्णा नगरच्या एका कंपनीनं पुष्करला आपल्याच सर्व्हरमध्ये घुसून दाखवायचं काम दिलं होतं. मुदत शुक्रवारपर्यंत. पण त्या ऑपरेटिंग सिस्टिमला कुठं फट म्हणून सापडेना. शेवटी सोमवारी त्यानं सर्व्हर सांभाळणाऱ्या कृष्णवेणीबाईंना फोन लावला आणि मुख्य कचेरीतून बोलतोय अशी थाप मारून पासवर्ड मागितला. चष्मा शोधताना बाई स्वतःशीच जुन्या तंजावरी मराठीत पुटपुटल्या. पुष्करनंही लगेच इंग्रजी सोडून मराठी सुरू केली.

"हौ? मराठी तू?" त्यांचा आवाज एकदम ओला झाला. "आई गेली तसं हे बोलणं कानीच पडलं नाही रे, तंबी, बाळा!"

मग आईच्या हातचं डांगर निघालं, तिच्या झोपाळ्यावरच्या ओव्या निघाल्या, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड. तो चुकीचा निघाला. मंगळवारी पुन्हा फोन, पुन्हा ओव्या, पुन्हा चूक. "अय्यो, वय झालं की रे," म्हणून त्या हसायच्या. शुक्रवारी पाचवी चूक झाली आणि सिस्टिमनं बाईंचं खातंच बंद करून टाकलं.

हरल्याचा अहवाल द्यायला गेला, तेव्हा पुष्करनं बाईंना भेटून सगळं कबूल केलं.

"चोर असशील, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," त्या म्हणाल्या.

"मग सरळ नाही म्हणायचं ना, काकू! रोज खोटा पासवर्ड कशाला देत बसलात?"

"नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी फोन केला असतास तू?"