कागदाची गाझ

सातव्या महिन्याची पौर्णिमा तोंडावर आलेली. मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंनी व्हिएतनाममधल्या विन्ह शहराच्या बाजारातलं क्वीचं दुकान भरून गेलं होतं. बंगले, मोबाइल, चकचकीत मोटारी. थोआमावशींच्या मनाला काहीच येईना.

“मला गाझ करून दे,” त्या म्हणाल्या. “लष्करातली. ती हिरवी रशियन गाडी, ताडपत्रीच्या टपाची.”

क्वीला हसू आलं. “मावशी, तो खटारा लष्करानंही भंगारात काढला. काकांनी लढाईत तोच हाकला, आता तिकडे तरी त्यांना एसीत बसू दे की.”

“गेल्या वर्षी एसीवालीच नेली होती, तुझ्याकडून. नंतर स्वप्नात आले, तर पायीच चाललेले.”

“मग एखाद्या मेजरनं लाटली असणार. साहेबलोक मेल्यावर थोडेच सुधारतात?”

“मलाही तेच वाटलं. विचारलं, तर म्हणाले, आहे की, उभी आहे तिकडे.”

“मग बसत का नाहीत?”

मावशी टपाच्या रंगाचा कागद शोधत होत्या.

“म्हणाले, हिच्यात चौघंच मावतात. गाझ उडाली तेव्हा आत आम्ही आठ जण होतो.”